‘पोर परत आली’ म्हणताना



मुलांचे मराठी, मुलांचे शिक्षण, मुलांची लग्ने यांवर आपण परदेशी राहणारी मराठी माणसे तासन्‌तास बोलतो. मुलांच्या धर्माबद्दल मात्र बोलत नाही. तो विषय निघतो काहीतरी ‘झाल्यावर’, आणि तोही दबक्या आवाजात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. आमच्याकडे ते २००८ च्या जुलैत झाले. आज त्याबद्दल लिहितो आहे ते लेकीला विचारून. तिने मसुदा वाचला, दोन ठिकाणी फुली मारली आणि एका ठिकाणी समासात ‘असं नव्हतं’ असे लिहिले. तिथे मी दुरुस्ती केली आहे.

हिल्सबरो हे ऑकलंडचे मनुकाउ बंदराकडे उतरत जाणारे उपनगर. शेजारी माउंट रॉस्किल. आज तिथे पावलापावलावर भारतीय किराणा आणि डोशाची दुकाने दिसतात, पण एकेकाळी माउंट रॉस्किल हा ऑकलंडचा ‘बायबल बेल्ट’ म्हणून ओळखला जाई. विसावे शतक संपत येईपर्यंत तिथे दारूचे दुकान नव्हते. तो कडकपणा आता उरलेला नाही, पण चर्चेस आहेत, आणि चर्चमध्ये हॉल आहेत. जुलैत इथे शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. आम्ही दोघेही नोकरीवर. आजी-आजोबा अकरा-बारा हजार किलोमीटरवर. जवळच्या एका चर्चचा हॉलिडे प्रोग्रॅम स्वस्त होता, संध्याकाळी साडेपाचपर्यंत होता आणि चालवणारी माणसे खरोखर प्रेमळ होती. आठ वर्षांच्या लेकीला तिथे घालताना आम्ही दोन मिनिटेसुद्धा विचार केला नाही. मी स्वतः नास्तिक, साताऱ्याचा, डॉ. दाभोलकरांची व्याख्याने ऐकत वाढलेला. बायको गणपती बसवणारी, पण सोवळेओवळे न मानणारी. आम्हाला वाटले, चार गाणी म्हणेल, चित्रे रंगवेल.

चौथ्या दिवशी ती मनगटात रंगीत मण्यांचा दोरा घालून आली. काळा, लाल, पांढरा, हिरवा, सोनेरी. जेवायला बसल्यावर तिने हात जोडले, डोळे मिटले आणि मग जाहीर केले, "बाबा, मी येशूला माझ्या हृदयात घेतलंय." मी हसलो. आई हसली नाही. तिने विचारले, "कधी?" "आज. सकाळच्या खाऊनंतर."

रात्री अकराला रडण्याचा आवाज आला म्हणून मी तिच्या खोलीत गेलो. ती उशीत तोंड खुपसून रडत होती. बराच वेळ काही सांगेना. शेवटी म्हणाली, "तू आणि आई येणार नाही. मी एकटीच असेन तिकडे." ‘तिकडे’ म्हणजे स्वर्गात. तिला स्वतःला नरकाची भीती नव्हती, तिचा प्रश्न सुटला होता. तिला आमची भीती वाटत होती. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आईबापांना वाचवण्याची जबाबदारी आली होती.

त्या दोऱ्याची माहिती मी नंतर काढली. लंडनचे प्रसिद्ध बॅप्टिस्ट प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ मध्ये एका प्रवचनात एकही अक्षर नसलेल्या, तीन रंगांच्या पानांच्या पुस्तकाबद्दल सांगितले होते: काळे पान म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरे म्हणजे धुऊन निघालेले मन. अमेरिकेच्या मूडी यांनी १८७५ मध्ये स्वर्गाचे सोनेरी पान जोडले, हिरवे त्यानंतर आले. अक्षर न येणाऱ्यांना आणि मुलांना पाच मिनिटांत सारे तत्त्वज्ञान सांगण्याची ही युक्ती जगभर चालली. पुस्तकाचे पुढे मणी झाले. मुलांवर हा भर काही भाबडेपणातून आलेला नाही. १९९० च्या दशकापासून इव्हँजेलिकल वर्तुळात चार ते चौदा या वयाला ‘खिडकी’ म्हणतात, कारण श्रद्धा स्वीकारणारे बहुतेक लोक ती याच वयात स्वीकारतात असे त्यांचे निरीक्षण आहे. मला ते पटते. मुंजीचे वय आठ का ठेवले असावे, याचेही उत्तर बहुधा तेच.

पण हे ‘मुंजीचे’ शहाणपण मला तेव्हा सुचले नाही. तेव्हा मी भडकलो होतो. बहिणीला पुण्यात फोन केला, ती माझ्याहून भडकली. "बाटवली म्हण की पोर!" हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती शिकलेली, पुरोगामी घरात वाढलेली. पण तो शब्द आपल्या सगळ्यांच्या आत कुठेतरी असतोच, आणि तो उगाच नाही. त्याला इतिहास आहे. गोव्यात १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा हुकूम लागू झाला. आईबाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदूंची मुले सेंट पॉल कॉलेजच्या पाद्र्यांच्या ताब्यात द्यायची आणि त्यांना बाप्तिस्मा द्यायचा. (ज्याच्या नावाने हा हुकूम निघाला तो राजा सेबास्तियाव तेव्हा स्वतःच पाच वर्षांचा होता, आणि राज्यकारभार त्याची आजी पाहत होती. अनाथ पोरांना असे कोणी उरले नव्हते, म्हणूनच ती हुकमात सापडली.) मग १८४३ ची मुंबई. श्रीपाद शेषाद्री हा बारा-एक वर्षांचा ब्राह्मण मुलगा मोठ्या भावामागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मुलगा घरी यायला तयार नव्हता. आणि घरी आणल्यावर प्रश्न उभा राहिला की मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचे कसे? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणून उभे राहिले. सनातन्यांनी त्यांच्यावरच झोड उठवली.

श्रीपादच्या या प्रकरणात मला एक गोष्ट आता दिसते, ती तेव्हा दिसली नव्हती. मिशनरी म्हणत होते, मुलाला विवेक आहे. वडील म्हणत होते, मुलगा माझा आहे. शास्त्री-पंडित म्हणत होते, तो शुद्ध की अशुद्ध ते आम्ही ठरवू. त्याला काय वाटते हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या सोयीपुरता वापरला. आमच्या घरातही तेच चालू होते, फक्त शास्त्री-पंडितांच्या जागी माझी बहीण होती आणि कोर्टाच्या जागी मी.

आम्ही शाळेत चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिच्या सरकारी प्राथमिक शाळेतही आठवड्याला अर्धा तास बायबलचा वर्ग होता, आणि ती दोन वर्षे त्यात बसत होती. आम्हाला पत्ता नव्हता. तसे पत्रक आले होते, फ्रिजवर लावले होते, त्यावर पिझ्झाची जाहिरात चिकटली होती. न्यूझीलंडमध्ये हे कसे चालते ते आपल्यापैकी नव्याने येणाऱ्यांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. इथल्या १८७७ च्या शिक्षण कायद्याने सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि निधर्मी केले. मग १८९७ मध्ये नेल्सन गावच्या एका पाद्र्याने पळवाट काढली: शाळा अर्धा तास ‘बंद’ असे समजायचे आणि त्या वेळात स्वयंसेवकांनी येऊन धर्म शिकवायचा. इमारत तीच, वर्ग तोच, मुले तीच, पण कायद्याच्या दृष्टीने शाळा बंद! १९६४ च्या कायद्याने ही ‘नेल्सन पद्धत’ अधिकृत केली. ज्यांना नको असेल त्या पालकांनी तसे लेखी कळवायचे. न कळवणारा पालक संमती देणारा धरला जाई. २०२० च्या नव्या शिक्षण कायद्याने हे उलटे केले. आता पालकांनी सही करून होकार दिल्याशिवाय मुलाला बसवता येत नाही. या बदलासाठी इथल्या काही निधर्मी पालकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, त्यांचे आपण आभार मानले पाहिजेत. त्यात भारतीय पालक मला फारसे दिसले नाहीत. आपण अशा वेळी गप्प बसतो, कारण ‘आपण पाहुणे’.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर माँटे सेसिलिया पार्क आहे. तिथला पाह होमस्टेड हा डौलदार वाडा १८७७ ते १८७९ दरम्यान एका धनिक व्यापाऱ्याने बांधला, म्हणजे शिक्षण निधर्मी करणारा कायदा झाला त्याच वर्षी पाया. पुढे तो कॅथलिक चर्चकडे गेला, तिथे मर्सी सिस्टर्स राहिल्या, आणि २०१० पासून तो कलादालन आहे. २०२३ च्या जनगणनेत या देशातल्या ५१.६ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे लिहिले. तेव्हा कुणाला वाटेल, अशा देशात एका मुलीच्या धार्मिक शंकेचे काय एवढे? आजूबाजूला सगळेच अर्धवट अश्रद्ध. पण आठ-दहा वर्षांच्या मुलीचा देश म्हणजे जनगणना नव्हे. तिचा देश म्हणजे तिचा वर्ग, शुक्रवारचा चर्चमधला ग्रुप, आणि घर.

आम्ही तिला त्या चर्चला जाऊ दिले. खूप भांडून हे ठरवले. बायकोचे म्हणणे होते, बंदी घातली तर ती लपून प्रार्थना करेल, आणि आपल्या घरात कुणी लपून प्रार्थना करू नये. माझे म्हणणे होते, नरकाची धमकी देणाऱ्यांकडे मूल पाठवणे ही हेळसांड आहे. दोन्ही बरोबर होते. शेवटी मी तिथल्या तरुण शिक्षिकेला भेटलो. तिला पोरीच्या रडण्याबद्दल सांगितले. ती ओशाळली. आम्ही नरकाबद्दल बोलत नाही, फक्त स्वर्गाबद्दल बोलतो, असे ती म्हणाली. मला वाटते ती खरे सांगत होती. मुलांना बेरीज-वजाबाकी येते.

पुढची पाच वर्षे लेक शुक्रवारी जात राहिली. गिटार शिकली. दोन अगदी जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, एक सामोअन, एक फिजीची. खोटे बोलणे तिने जवळजवळ सोडले, हे मला कबूल करायला हवे. गणपतीत आरतीला ती बाजूला उभी राही, हात मागे बांधून. प्रसाद खाई. २०११ च्या भूकंपात क्राइस्टचर्चला १८५ माणसे गेली, तेव्हा तिने साठवलेले सगळे पैसे चर्चच्या पेटीत घातले. मी मनातल्या मनात म्हणालो, देवानेच पाडले आणि देवाच्याच पेटीत पैसे. म्हणालो नाही, बरे केले.

२०१३ साली माझी आई साताऱ्यात गेली. लेक तेरा वर्षांची. आईची आणि तिची फोनवरची दोस्ती होती, आणि दोन उन्हाळे आई इथे येऊन राहिली होती. आई वारकरी घरातली. दर एकादशीला उपास, गळ्यात तुळशीची माळ. अंत्यविधीहून परत आलो तेव्हा लेकीने चर्चला जाणे बंद केले होते. आईने (म्हणजे माझ्या बायकोने) सांगितले की तिने ग्रुपमध्ये विचारले होते, माझी आजी कुठे आहे? त्यांनी मायेने उत्तर दिले होते: ते देवालाच ठाऊक, आपण त्याच्या दयेवर विश्वास ठेवू. मग तिने विचारले, पण तुम्हाला काय वाटते? तिथे कोणी बोलले नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. मला आनंद झाला. आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मला आनंद झाला, कारण पोरगी ‘शुद्धीवर’ आली. मी कपाटातून बर्ट्रांड रसेलचे ‘मी ख्रिस्ती का नाही’ काढून तिच्या टेबलावर ठेवले. १९२७ चे ते व्याख्यान मला विशीत कुणी दिले होते आणि माझे आयुष्य बदलले होते. तिकडे पुण्याहून बहिणीचा फोन: "पोर परत आली! आता एक सत्यनारायण घाला." मी बहिणीच्या सत्यनारायणावर हसलो. माझा रसेल म्हणजे माझाच सत्यनारायण होता, हे कळायला मला काही वर्षे लागली.

लेकीने पुस्तक परत आणून दिले. म्हणाली, "बाबा, तू जिंकल्यासारखं का वागतोयस?" मी म्हणालो, मी कुठे... "माझी आजी गेली. माझा येशूपण जातोय. तुला दिसतच नाहीये."

इथेच तिने समासात ‘असं नव्हतं’ लिहिले होते. मी आधी लिहिले होते की आजीच्या मृत्यूने तिची श्रद्धा मोडली. ती म्हणते, शंका त्याच्या कितीतरी आधीची. त्या मण्यांच्या दोऱ्याची. आजी पहिल्यांदा इथे आली तेव्हा नऊ वर्षांच्या लेकीने तिला मोडक्यातोडक्या मराठीत दोरा समजावून सांगितला होता: हा काळा म्हणजे पाप. आजीने दोरा हातात घेतला, काळा मणी बोटांत फिरवला आणि हसून म्हणाली, "अगं, आमचा तर काळाच आहे." विठोबाबद्दल बोलत होती. वाद घालत नव्हती. तिला खरोखर गंमत वाटली. लेक म्हणते, त्या दिवशी डोक्यात काहीतरी अडकले ते निघाले नाही. आजीचा देव काळा, आजी काळी, मी काळी, आणि पापाचा रंग काळा. देवाने असा रंग का निवडला असेल? चार वर्षे तिने हा प्रश्न कुणालाही विचारला नाही. चर्चमध्ये नाही, कारण त्यांना वाईट वाटले असते. मला नाही, कारण मला आनंद झाला असता.

हे वाक्य मी अनेकदा स्वतःशी म्हणून पाहिले आहे. चर्चमधल्यांच्या दुःखाला ती जेवढी घाबरत होती तेवढीच माझ्या आनंदाला.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे. लहान मुलाने केलेले धर्मांतर हे बहुधा त्याचे स्वतःचे नसते. ते हॉलिडे प्रोग्रॅमचे असते, मैत्रिणींचे असते, वर्गातल्या अर्ध्या तासाचे असते. आणि आपण जिला ‘मूळचा धर्म’ म्हणतो ती गोष्टही मुलाची नसते. माझ्या मुंजीत मला कुणी विचारले नव्हते. १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर कडेवर आणलेल्या मुलांनाही कुणी विचारले नसणार, आणि तरी त्या दीक्षेने त्यांना जे दिले त्याचे मोल मी कमी मानणार नाही. धर्म मुलाला दिला जातो, मग तो जुना असो की नवा, चांगला असो की वाईट. मुलाची स्वतःची अशी पहिली गोष्ट म्हणजे शंका. ती कुणी शिकवलेली नसते. आणि नेमकी तीच आपण मोठी माणसे हिसकावून घेतो: चर्च तिला मोह म्हणते, आत्या तिला घरवापसी म्हणते, आणि माझ्यासारखा बाप तिला विवेकवादाचा विजय म्हणतो.

पंडिता रमाबाईंची पत्रे मी याच काळात वाचली. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलीलाही दिला गेला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती. पुण्यात गदारोळ झाला, तो आपल्याला शाळेत थोडाफार शिकवतात. त्यानंतरचे शिकवत नाहीत. बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई शंका घेऊ लागल्या. देव एक आणि तीनही, हे त्रैक्य त्यांना पटेना. ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल प्रश्न. चमत्कारांबद्दल प्रश्न. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांना रमाबाई लाडाने ‘आजीबाई’ म्हणत, आणि त्याच आजीबाईंशी पानेच्या पाने वाद घालत. हिंदुस्थानातल्या भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे कुणाचे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर. मनोरमेला धर्माचे काय नि किती शिकवायचे यावरूनही दोघींत खटके उडाले. आईला मुलीचे धर्मशिक्षण आपल्या हातात हवे होते. सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला, हट्ट वाटला. हा पत्रव्यवहार त्यांनीच जपून ठेवला, आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. इंडियन सेक्युलर सोसायटीच्या संस्थापकाने एका ख्रिस्ती बाईची पत्रे संपादित करावीत, हे मला फार आवडते.

महत्त्वाचे हे की रमाबाईंची शंका त्यांना ‘परत’ घेऊन आली नाही. शंका घेणारी बाई परतीच्या वाटेवर आहे असे आपण धरून चालतो. रमाबाई ख्रिस्तीच राहिल्या, पण कुणाच्या चर्चच्या झाल्या नाहीत. पुढे १९०७ च्या ‘साक्षी’त त्यांनी आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला, अशा अर्थाचे सांगितले. ज्यांच्या लेखनाचा रमाबाईंवर प्रभाव पडला ते नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे. त्यांनी १८४८ मध्ये धर्मांतर केले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना शंकांनी छळले. तेही परतले नाहीत. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. मराठी ख्रिस्ती माणसाची शंका ही एक वेगळीच, भरदार परंपरा आहे, आणि तिच्यात हिंदूंना किंवा नास्तिकांना मिरवण्यासारखे काही नाही.

पण रमाबाईंना मी मखरात बसवणार नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथे बालविधवांना धर्माची सक्ती नव्हती. मात्र बाई स्वतः प्रार्थनेला बसल्या की दार उघडे असे, ज्या मुलींना वाटे त्या आत येत. १८९३ मध्ये यावरून वादळ झाले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते, दार मी का लावू? हे म्हणणे मला पटते, आणि पटत नाही. जिचे केस उतरवले आहेत, जिला सासरने टाकले आहे, अशी बारा वर्षांची मुलगी, आणि जिने तिला जेवू घातले, शिकवले, त्या बाईचे उघडे दार. ते दार किती उघडे? पुढे दुष्काळाच्या वर्षांत केडगावच्या मुक्तीत शेकडो उपाशी मुली आल्या, एका टप्प्यावर सुमारे दोन हजार माणसे तिथे होती. जून १९०५ मध्ये तिथे जे धार्मिक ‘जागरण’ झाले त्यात मुली रडत, मोठ्याने पापांची कबुली देत प्रार्थना करत. ज्या बाईने आजीबाईंना ठणकावले होते, तिच्या छपराखाली यातली एखादी मुलगी ‘मला त्रैक्य पटत नाही’ म्हणू शकली असती का? त्या मुलींचे प्राण वाचले, हे आधी आणि ठळक लिहिले पाहिजे. त्यांच्या गावांनी त्यांना वाचवले नव्हते. पण हा प्रश्न राहतो. आपल्या सोयीसाठी त्याचे उत्तर ‘मिशनरी वाईट’ असे देऊ नये. प्रेमाने आणि उपकाराने बांधलेल्या घरात शंका बोलून दाखवणे सर्वांत कठीण असते, आणि असे घर आपणही चालवतो.

हे मी विशेषतः आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांना उद्देशून लिहितो आहे. धर्मवाल्यांकडून मी ही अपेक्षा करत नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र करारात कलम १४ आहे: विचार, सद्‌सद्‌विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलाला आहे, पालकांनी त्याला त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे मार्गदर्शन करायचे. भारताने आणि न्यूझीलंडने, दोघांनीही तो मान्य केला आहे. आपण हे कलम चर्चविरुद्ध पटकन काढतो. स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर काढत नाही. मुलगी हात जोडून बसली की आपल्या चेहऱ्यावर जे हसू येते, तेही एक मार्गदर्शनच असते.

लेक आज पंचविशी ओलांडून गेली आहे. तिला धर्म विचारला तर जनगणनेत काय लिहिले ते ती सांगत नाही. (मी विचारले. ‘खासगी’ म्हणाली.) चर्चला जात नाही. त्या सामोअन मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीला मात्र तिने पुढे उभे राहून गिटारवर तीन भजने वाजवली, आणि सगळे शब्द म्हटले. गणपतीत ती आता आरतीला उभी असते, हात मागे नसतात, जोडलेलेही नसतात. टाळ वाजवते. दोरा कधीच हरवला.

गेल्या टर्मला आमच्या ओळखीच्या, नव्याने आलेल्या एका मराठी जोडप्याचा फोन आला. शाळेतून बायबल वर्गाच्या संमतीचा फॉर्म आला होता. मुलगा सात वर्षांचा. सही करावी की नाही, असे त्यांनी मला विचारले, कारण मी ‘त्या विषयातला’. मी म्हणालो, माझे मत विचाराल तर करू नका. पण आधी दोन गोष्टी बघा. सही केली नाही तर त्या अर्ध्या तासात तो एकटा कुठे बसणार आहे, हे शाळेला विचारा. आणि त्याचा जवळचा मित्र त्या वर्गात आहे का, हे त्याला विचारा. थोडा वेळ पलीकडे शांतता होती. मग बाई म्हणाल्या, "तो म्हणतोय त्याला जायचंय. तिथे गोष्टी सांगतात म्हणे." मागून मुलाचा आवाज आला, काहीतरी डायनासोरबद्दल. नोहाच्या नावेत ते होते का, हे त्याला मास्तरांना विचारायचे होते.